बंद राहण्याचे दिवस

"एक नाही साहेब, तीन सप्लायर आहेत," असं मी मोठ्या तोऱ्यात सांगून आले होते. एकाने हात वर केले तर दुसरा, दुसऱ्याने केले तर तिसरा. परळच्या त्या मोठ्या हॉस्पिटलच्या स्टोअरचे साहेब चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते. पुण्याकडचे असावेत, एकेक शब्द नीट घडी घालून ठेवायचे.

"मंजुळाबाई, एकतीस मार्चला माल आमच्याकडे हवा. वर्षअखेर आहे. मध्ये सणवार, सुट्ट्या, काही अडचण नाही ना?"

"होळी आहे. एका दिवसाची," मी म्हटलं, आणि सही ठोकली.

आता राजापूरकडच्या बाईने शिमगा एका दिवसाचा सांगावा म्हणजे काय म्हणावं! आमच्या गावात फाल्गुनातल्या फाकपंचमीपासून जे सुरू होतं ते पंधरा दिवस. देवीची पालखी घरोघरी येते, आणि ती दारात आली तेव्हा घरातला कर्ता पुरुष दारात उभा पाहिजे म्हणजे पाहिजे. हे मला पाळण्यापासून माहीत. पण मी साहेबांच्या कॅलेंडरात बघितलं, तिथे एकच तांबडा चौकोन होता. चाळीस वर्षं मुंबईत काढली की माणूस असा शहाणा होतो.

आमचं काम म्हणजे बँडेज. भोईवाड्यात तळमजल्यावर दोन खोल्या, चौदा बायका. सगळ्या गिरणी कामगारांच्या घरच्या. मी स्वतः मिलमध्ये वाइंडिंगला, सुताच्या कांड्या भरायला होते, संप झाला आणि मिल सुटली ती सुटलीच. मग आम्ही पट्ट्या कापून गुंडाळायला लागलो. आधी दवाखान्यांना थोडंथोडं द्यायचो. शहाऐंशी साली पहिल्यांदा हॉस्पिटलचं वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट लागलं. त्यात साफ लिहिलं होतं की पहिलाच माल चुकला तर कॉन्ट्रॅक्ट रद्द, आणि नाव काळ्या यादीत. काळ्या यादीतल्या नावाला मग कुठलंच हॉस्पिटल उभं करत नाही. म्हणजे चौदा चुली.

कापड घ्यायची जबाबदारी माझी. सूत हातात घेतलं की कुठे पीळ ढिला आहे ते मला डोळे मिटून कळतं, म्हणून बायकांनी खरेदी माझ्या गळ्यात घातली. तिघे सप्लायर मी निवडले. कुशाबा, रघू आणि धोंडू. तिघांचे भिवंडीला मागाचे गाळे, तीन वेगळ्या रस्त्यांना. तिघांशी वेगवेगळं बोलले, तिघांचे नमुने भिंगाखाली धरून धागे मोजले. कोणी म्हणेल, बाई भारी हुशार.

पंधरा मार्चला कापड यायचं होतं, चाळीस तागे. आलं नाही. रविवार गेला. सोमवारी मी कोपऱ्यावरच्या इराण्याकडून कुशाबाच्या गाळ्यावर फोन लावला. बाजूच्या गाळ्यातला भय्या बोलला, "ताला है बाई, सब गाव गये."

रघूकडे लावला. कुलूप. धोंडूकडे लावला. कुलूप.

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. तीन सप्लायर कसले, एकच होता. तिघे माझ्याच गावचे, एका वाडीचे, गाळ्यांतले भाऊ-पुतणे त्याच वाडीचे. तिघांना पालखी एकच. आणि गंमत बघा, आठवड्यापूर्वी कुशाबा मला म्हणाला होता, "माझं थोडं मागंपुढं झालं तर रघू हाय गो." रघू म्हणाला होता, "धोंडू देईल." आणि धोंडू? "कुशाबा काय मेलाय काय?" तिघेही एकमेकांच्या भरवशावर गाडीत बसले. आणि मी तिघांच्या भरवशावर माझंही बावीस तारखेचं एसटीचं तिकीट काढून ठेवलं होतं. कोणाला शिव्या घालू?

घातल्या. इराण्याच्या गल्ल्यापाशी उभी राहून तिघांच्या सात पिढ्या काढल्या. इराणी म्हणाला, "मंजुळाबाय, पानी पियो." पाणी प्यायले आणि खोलीवर आले.

सखुबाई, आमच्यातली सगळ्यांत म्हातारी, पूर्वी खानावळ चालवायची. तिला सांगितलं तशी तिने कपाळाला हात लावला नाही, तेवढ्यासाठी मी तिला मानते. ती म्हणाली, "बाजारातून घे."

"बाजारात ह्या मोजणीचं कापड तयार मिळत नाही, सखुबाई. हॉस्पिटलवाले धागे मोजून घेतात. मागावर घालूनच घ्यावं लागतं."

"मग शिमग्याला कोणाचा माग चालू असेल?"

उत्तर दोघींना माहीत होतं. कमल कात्री खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागली. ही कुशाबाची सून, तिलाही माहीत होतं.

शिवाचा.

शिवा माझा धाकटा भाऊ. संपाच्या चौदाव्या महिन्यात तो मिलच्या गेटातून आत कामाला गेला. भिवंडीला दुसऱ्याच्या मागावर बसणं आमच्या लोकांनी चालवून घेतलं होतं, पोटाला लागतं. गेटातून आत जाणं नाही. करी रोडला आमच्या गावकीची खोली आहे, तिथे रविवारी बैठक बसली. कुशाबा गावकीचा प्रमुख. त्याने विचारलं, काय करायचं? बाईमाणूस त्या खोलीत उंबऱ्याबाहेर बसतं. मी उंबऱ्याबाहेरून सगळ्यांच्या आधी ओरडले, "माझा भाऊ नाय तो!" झालं. सख्खी बहीण बोलल्यावर बाकीच्यांना काय जड होतं? शिवाच्या घरी जाणं-येणं बंद, आणि गावाला पालखी त्याच्या दारावरून पुढे. त्याच्या बायकोचं, शांताचं, ऑपरेशन सांगितलेलं होतं. ते मला तेव्हाही माहीत होतं. मी तेव्हा रागाने पेटले होते, आणि खरं सांगते, तो राग मला गोड लागत होता.

पुढे मिल तशीही बंद पडली. शिवाने जुने माग भंगाराच्या भावात उचलून भिवंडीला गाळा टाकला. तीन वर्षं मी त्याचं तोंड बघितलं नव्हतं.

रात्रभर मी स्वतःशी भांडले. सकाळी उठून भोईवाडा कोर्टाबाहेर लहू टायपिस्टकडे गेले. आमचे सगळे करार तोच टाइप करतो.

"लहू, करारात एक नवीन रकाना घाल. 'बंद राहण्याचे दिवस व कारण'."

"दुकानाच्या पाटीवर लिहितात तसं?" तो हसला.

"हसू नको. हा रकाना आधी असता तर आज माझं तोंड असं झालं नसतं. कुठला सप्लायर कधी बंद, ते कागदावर पाहिजे. दोघे एका वेळी बंद असले तर दोन सप्लायर म्हणायचे नाहीत."

लहूने ठकठक करून कागद काढून दिला. परळच्या डेपोवरून एसटी धरली आणि भिवंडीला उतरले.

शिवाच्या गाळ्यात आठ माग चालू होते. कान फुटतील असा खडखडाट. तो मागावर वाकून तुटलेला धागा सांधत होता. मला बघितलं, धागा सांधला, गाठ कापली, मग बाहेर आला. केस पार पिकले होते त्याचे. पस्तिशीचा माणूस.

"बाय," तो म्हणाला. लहानपणापासून मला बाय म्हणतो.

मी हालहवाल विचारली नाही. कुठल्या तोंडाने विचारणार? सरळ कामाचं बोलले. "गॉजचे चाळीस तागे पाहिजेत. चोवीस तारखेपर्यंत, धुऊन पांढरे करून. नमुना हा. होईल काय?"

त्याने नमुना उजेडाला धरला. "तिघांनी टांग मारली वाटतं."

"शिमग्याला गेलेत."

"मग मीच उरलो." हसला, पण ते हसू मला बघवेना. "पालखी यायची नाय, म्हणून माझा माग चालू. तुमच्याच कृपेने, बाय."

मला वाटलं जमीन दुभंगावी. पण दुभंगून चाळीस तागे येणार नव्हते. मी म्हटलं, "बोल काय बोलायचं ते. मी ऐकायलाच आलेय. पण आधी सांग, होईल काय?"

"होईल. दोन पाळ्या चालवीन." मग तो बाजूच्या पेटीवर बसला. "पण माझी अट हाय. अडल्या वेळी दार ठोठवायचं आणि नंतर ओळख नाय, असला सप्लायर मी होणार नाय. वर्षाचा करार दे. बाकी तिघांसारखा, एक वाटा मला. लिहून. मागच्या वेळी सगळं तोंडीच झालं. चार माणसं बोलली आणि मी संपलो. आता तोंडी नको."

मला ठाऊक होतं, हा कागद दिला तर परत आल्यावर तिघे पेटतील. उद्या तिघांनी मिळून कापड बंद केलं, तर एकट्या शिवाच्या आठ मागांवर वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट निभावणार नाही. पण नाही दिला तर एकतीस तारीखच निभावणार नव्हती. आणि धंद्याच्या बाजूने बघितलं तरी मला असा माणूस पाहिजेच होता, ज्याचं कुलूप त्या तिघांबरोबर लागत नाही.

"देते," म्हटलं, आणि पिशवीतून कागद काढला. नाव, पत्ता, धाग्यांची मोजणी, उशीर झाला तर काय, सगळं त्याच्यासमोर भरलं. एकही कलम सोडलं नाही, त्यानेही कुठे सूट मागितली नाही. मग नवीन रकाना आला.

"बंद राहण्याचे दिवस?"

"लिही, नाय."

"असं कसं? काही तरी असेल ना, सण, गाव..."

"मला कुठं जायचंय, बाय?"

पेन हातात तसंच राहिलं. शेवटी मी 'नाही' लिहिलं. इतकं लहान अक्षर मी जन्मात काढलं नव्हतं. आतून शांता दोन कप चहा घेऊन आली, ठेवून आत गेली. मला लाज वाटली, चहाच्या कपाकडे बघायचीसुद्धा लाज वाटली. तरी प्यायले.

चोवीसला दुपारी चाळीस तागे आले. मी प्रत्येक तागा उघडला, भिंग लावलं. भाऊ म्हणून सोडणार नव्हते, आणि एक धागा कमी निघाला असता तर भाऊ म्हणूनच मी त्याला उभा जाळला असता. निघाला नाही. आमच्या चौदापैकी नऊ जणींची गावाची तिकिटं होती. नऊही जणी थांबल्या. कमलने तर कुशाबाला गावी तार केली, 'येत नाही, काम आहे'. होळीच्या दिवशी बाहेर पोरं बोंबलत होती आणि आम्ही आत पट्ट्या गुंडाळत होतो. सखुबाई मध्येच उठून दारात गेली, एक दणदणीत बोंब मारली आणि परत येऊन बसली. म्हणाली, "चला, माझा शिमगा झाला."

एकतीसला सकाळी दहाला माल हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये गेला. साहेबांनी चार रोल उलगडून बघितले आणि पावती दिली. मला तिथेच बाकड्यावर दहा मिनिटं बसावं लागलं.

पण खरा सामना पुढे होता. एप्रिलच्या पहिल्या रविवारी गावकीच्या खोलीत बैठक लावली, मला बोलावणं आलं. कुशाबा मधोमध बसला होता. बाजूला रघू आणि धोंडू, गावाहून आलेले, अंगावरचा गुलाल अजून पुरता निघाला नव्हता. मी उंबऱ्याबाहेर बसले नाही. आत गेले आणि त्यांच्यासमोर सतरंजीवर बसले. दोघा-तिघांनी घसे खाकरले. खाकरू देत.

कुशाबा म्हणाला, "मंजुळा, शिवाचा कागद फाड. नायतर आमचे तीन कागद फाड. गावकीने टाकलेल्या माणसाबरोबर आमचं नाव एका यादीत नको."

मी पिशवीतून तिघांचे करार काढले आणि त्याच्या पुढ्यात ठेवले. "हे घे. तूच फाड. पण फाडायच्या आधी सांग, पंधरा तारखेला तुझे तागे कुठे होते?"

"शिमगा होता..."

"रघू, तुझे?"

रघूने धोंडूकडे बघितलं. धोंडूने छताकडे.

"तिघांनी मला शब्द दिला होता, आणि तिघे एका गाडीने गेलात. मीही गाढव, मलाही तारीख कळली नाही. माझी चूक मी मानते. पण त्या दिवशी आपल्या चौदा बायकांचं काम वाचवलं ते ज्याला आपण टाकलंय त्याने. कुशाबा, तुझ्या घरात आज चूल कोणाच्या पगारावर पेटते? गाळ्याच्या, की कमलच्या?"

"घरचं इथं काढू नको," तो गरजला.

तेवढ्यात उंबऱ्याबाहेरून आवाज आला. कमलच. पदर डोक्यावर, पण आवाज खणखणीत. "मामंजी, मी आठवडाभर शिवाकाकांचंच कापड गुंडाळलंय. फाडायचं असेल तर मला उद्यापासून कामावर जाऊ नको म्हणून सांगा."

सून सासऱ्याला चारचौघांत असं बोलते, हे त्या खोलीने पहिल्यांदाच ऐकलं असेल. कुशाबाचा चेहरा उतरला. तसा तो वाईट माणूस नाही. संपात त्याने स्वतः उपाशी राहून दुसऱ्यांच्या घरी तांदूळ पोचवलेत. म्हणूनच शिवाचं त्याला जास्त लागलं होतं.

मी आवाज खाली आणला. "आणि मीच आधी ओरडले होते, ह्याच उंबऱ्यावरून. ते शब्द मी आज परत घेते. त्याची बायको आजारी होती. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही."

कुशाबाने कागद एकावर एक नीट लावले. मग म्हणाला, "बरं. पुढच्या शिमग्याला काय करणार? परत त्यालाच राबवणार?"

"नाय. नवीन कलम टाकणार. चौघांपैकी एकाचा गाळा शिमग्याला चालू राहील. पाळीपाळीने."

"म्हंजे एकाने पालखी सोडायची?" रघू ओरडला. "घरचा माणूस दारात नसला तर..."

"एकाने, एक वर्ष. शिवाने तीन सोडलीयत."

धोंडू बोटाने सतरंजीचा धागा उपसत होता. मी वाट बघत बसले. तिघांनी नाही म्हटलं असतं तर माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, हे त्यांना कळू नये म्हणून मी पाठ ताठ ठेवली होती.

"पहिली पाळी माझी," कुशाबा म्हणाला.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"माझी, म्हटलं. मी प्रमुख ना? मीच राहीन. पालखीला दारात माझा थोरला उभा राहील." त्याने कागद माझ्याकडे सरकवले. "आणि पालखीने कुठली दारं घ्यायची ते गावाला मीच पत्र टाकीन. लिही तुझं कलम. चौघांच्या कागदावर लिही."

दुसऱ्या दिवशी लहूकडून चारही करार नव्याने टाइप करून घेतले. लहूने विचारलं, "बाई, हा शिवाचा रकाना मागे 'नाही' होता ना?" मी म्हटलं, "तुला काय करायचंय? सांगते तसं टाइप कर." साक्षीदार म्हणून कुशाबाने चौघांच्या कागदावर सही केली, शिवाच्याही.

तो कागद घेऊन मी भिवंडीला गेले. आठही माग चालू होते. शिवाने हात फडक्याला पुसले, कागद घेतला आणि सही करायची जागा शोधायला लागला.

"न वाचता सही करतोस? असा सप्लायर मला नको. रकाना सात वाच."

त्याने वाचलं. मग कागद माझ्याकडे दिला. "डोळ्यांत सुताचा कोंडा गेलाय. तूच वाच."

मी त्या खडखडाटात मोठ्याने वाचलं. "बंद राहण्याचे दिवस, पंधरा. कारण, शिमग्याला गावी, घरी पालखी येणार."

त्याने हाताने खूण केली, ऐकू आलं नाही म्हणून. मग वळला आणि एकेक करून माग बंद करत गेला. पहिला, दुसरा, तिसरा. आतून शांता दारात येऊन उभी राहिली.

"अरे मेल्या, भर कामाच्या दिवशी? ऑर्डर लेट होईल माझी!" मी ओरडले.

आठवा माग थांबला. गाळ्यात असं कधीच शांत झालं नसेल.

"आता वाच, बाय," तो म्हणाला.

मी परत पहिल्यापासून वाचलं.